माझ्या वाट्याचे बांगडे

मैत्रिणीचं लग्न आदल्या दिवशी दुपारी लागलं आणि रात्रीच पुण्या-मुंबईची बहुतेक मंडळी परतली. मी मुद्दाम मागे राहिले. मालवणात येऊन नुसत्या मांडवातूनच परत फिरायचं जिवावर आलं होतं.

सकाळी लग्नघर अजून झोपेत होतं. खांबांना बांधलेल्या केळींनी माना टाकल्या होत्या. मागीलदारी मैत्रिणीची काकू घासलेली मोठी पातेली उन्हात पालथी घालत होती. "शिवराक खाऊन कंटाळलंस मां? आज बांगडे होये," असं म्हणत तिनं चहा दिला आणि मला किनाऱ्याकडे पिटाळलं.

मोरयाच्या धोंड्यापाशी थोडी थांबले. खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. इथेच पूजा करून शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातला, असं सांगतात. समोर कुरटे बेटावर तटबंदी उन्हात झळाळत होती. किल्ला पूर्वी पाहिलेला, आणि त्या दिवशी कुठे पोचायचंच नव्हतं. चपला हातात घेऊन दांडीच्या वाळूतून चालत सुटले.

पुढे रापण चालू होती. होडीतून जाळं अर्धगोल सोडलेलं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणि प्रत्येक टोकाला माणसांची रांग. बाप्ये, बायका, शाळकरी पोरंसुद्धा. मी बघत उभी राहिले, तशी रांगेतल्या एका आजोबांनी हाक दिली, "बघतंस काय बाय? धर रशी!"

धरली. ओली, वाळूनं खरखरीत झालेली रशी तळव्यात करकचून बसते. टाचा रोवायच्या, अंग मागे टाकायचं, पावलापावलानं मागे सरायचं. रांगेच्या शेवटाला पोचलं की रशी सोडून पुन्हा पाण्याकाठी पुढे जाऊन धरायची. हाताच्या जोरावर भागत नाही, सगळं वजन कमरेवर घ्यावं लागतं, हे शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारून शिकवलं. बराच वेळ समुद्र काहीच देत नाही. मग दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकू लागतात, घारी खाली उतरतात आणि उथळ पाणी एकाएकी फडफडायला लागतं.

जाळ्यात पेडवे, तारले, बांगडे, दोन-चार कुर्ल्या. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्यांचे वाटे तिथेच वाळूवर पडले. मी निघाले, तर आजोबांनी थांबवलं. "रशी वडलंस मां? मग ह्यो तुझो वाटो." पाहुणी म्हणून दिलेली ती भेट नव्हती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मला त्याचंच फार अप्रूप वाटलं.

आता किनाऱ्याला मासळी कमी लागते, असं बायका बोलत होत्या. पर्ससीनवाले मासळीचे थवेच्या थवे घेरून नेतात, मग रापणीत काय येणार? पर्ससीनवर २०१६ साली राज्य सरकारनं निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरचं हे गाऱ्हाणं मिटलेलं नाही. गावानं मिळून ओढायचं आणि तिथल्या तिथे वाटून घ्यायचं, याहून न्याय्य मासेमारी मी पाहिलेली नाही. ती टिकायलाच हवी.

दुपारी काकूनं माझ्या बांगड्यांचं तिरफळ घालून तिखलं केलं. पाचपरतावण हल्ली दुसऱ्याच दिवशी उरकतात, त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी मैत्रीण नवऱ्याला घेऊन हजर. कालची नवरी साध्या साडीत, हातभर हिरवा चुडा सावरत पाटावर बसली. पहिला घास घेतला आणि विचारलं, "बांगडे ताजे दिसतायत. कोणी आणले?"

"रापणीचे," मी म्हटलं आणि लाल झालेले तळवे तिच्यापुढे धरले. तिनं ते नवऱ्याला दाखवले आणि सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली.