कसंतरी म्हणजे कसं?

मराठीच्या प्राध्यापकाला दवाखान्यात दोनच नात्यांनी प्रवेश मिळतो: एक रुग्ण म्हणून, दुसरा रुग्णाचा नातेवाईक म्हणून. तिसराही एक दरवाजा असतो याची मला फार दिवस कल्पना नव्हती. तो मला उघडून दिला एका छोट्याशा अभ्यासक्रमाने.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये 'कम्युनिटी कॉलेज'ची योजना आणली. हे नाव अमेरिकेतून आलेले. तिकडे इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली या धर्तीचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. जवळच्या माणसांना जवळच्या कामाचे शिक्षण परवडेल अशा खर्चात द्यावे, ही त्यामागची साधी कल्पना. आमच्या सोलापुरातल्या एका संस्थेने त्याच धर्तीवर दवाखान्यातील नोंदींचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला. शरीराची ओळख, वैद्यकीय कागदपत्रे, संगणक, आरोग्यसेवेचा इतिहास असे एकेक भारदस्त विषय. आणि ताटाच्या कोपऱ्यात वाढलेल्या मिठासारखा 'भाषा व संवाद'. हे मीठ वाढण्यासाठी दर शनिवारी मला बोलावणे आले.

वर्गात मुलीच अधिक. पूर्व भागातल्या विणकरांच्या, विडी कामगार बायांच्या लेकी. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, अक्कलकोटकडून येणाऱ्या दोघींच्या तोंडी कानडी, आणि पुस्तकात माझी मराठी. मी ऱ्हस्वदीर्घाचे नियम काढण्याच्या बेतात होतो, तोच पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एक पेशंट म्हणतो कळ येते, दुसरा म्हणतो ठणकतंय. फॉर्मवर दोघांचंही पेनच लिहायचं का?"

त्या प्रश्नाने आमचे तीन शनिवार खाल्ले. फळ्यावर यादी वाढत गेली. कळ येते ती थांबून थांबून. ठणका लागतो तो नाडीच्या ठोक्याबरोबर. चमक भरते ती पाठीत. मुरडा पडतो तो पोटात. रग लागते ती श्रमलेल्या हातापायांना, आणि चुरचुरते ती वरची कातडी. आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या आज्यांनी दुखण्याचे केवढे बारीक व्याकरण रचून ठेवले आहे! छापील फॉर्मवर त्या सगळ्यासाठी एक शब्द आणि एक इंचाची रेघ. बायकांची दुखणी तर आणखी आडून बोलतात. 'अंगावरून जातंय' एवढेच म्हणून बाई खाली पाहते. त्या दोन शब्दांमागे वर्षभराची भीती असते.

डॉक्टर मंडळींचा एक आवडता शब्द आहे, 'हिस्ट्री'. रुग्णाची हिस्ट्री घेतली का, असे ते विचारतात. मला या शब्दाची मोठी गंमत वाटते. इतिहास घ्यायचा म्हणजे आधी तारीख हवी. आणि आपल्याकडे वय विचारले की म्हातारे माणूस आकडा सांगत नाही, गोष्ट सांगते. "बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते." "किल्लारीचा भूकंप झाला, त्या साली थोरला झाला." माझे आजोबा स्वतःचे वय सोलापूरच्या मार्शल लॉपासून, म्हणजे १९३० पासून, मोजीत, आणि त्यांच्या आधीच्या पिढीचा हिशेब १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीपर्यंत जाई. तिला लोक मानमोडी म्हणत. तेव्हा मी मुलींना एक तक्ता करून दिला: १९६७ कोयनेचा भूकंप, १९७२ दुष्काळ, १९८४ इंदिरा गांधींची हत्या, १९९३ किल्लारी. इतिहासाच्या सनावळीचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे कोठे पाहिला नाही.

वयाहून अवघड काम नावाचे. आपल्याकडे पुष्कळ घरांतून लग्नात मुलीचे नावच बदलतात. माहेरची सुशीला सासरी येऊन वैशाली होते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते, तेथे कागद निघतो सुशीलेचा. दुसरे बाळंतपण सासरी होते, तेथे कागद वैशालीचा. पहिल्या वेळी कोणते औषध अंगावर उठले, हे वैशालीच्या डॉक्टरांना कळणार कसे? आता सरकारने १४ आकडी 'आभा' क्रमांक काढला आहे, आणि त्याने बरीच सोय होईल. पण यंत्राला आकडा कळतो. एका बाईची दोन नावे आहेत हे तिला विचारूनच कळते.

हे सगळे शब्दांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक घरची हकीकत सांगतो. माझ्या आईला काही दिवस बरे वाटत नव्हते. शहरातल्या एका दवाखान्यात तिला नेले. "काय होतंय?" या प्रश्नाला तिचे उत्तर, "कसंतरी होतं." टेबलावरच्या गृहस्थांनी 'अशक्तपणा' असे लिहिले, टॉनिक मिळाले, आम्ही घरी आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्या टेबलाशी आमच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली एक मुलगी बसली होती. तिने आईला शेजारी बसवून घेतले आणि विचारले, "आजी, कसंतरी म्हणजे कसं? बसल्यावर होतं की जिना चढताना?"

आई क्षणभर थांबली आणि मग बोलतच राहिली. जिना चढताना छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत होते, डाव्या हाताला रग लागते, पायरीवर टेकले की जाते. घरी तिने हे कधी सांगितले नव्हते, "तुमच्या डोक्याला कशाला ताप?" हा तिचा खाक्या. मुलीने तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले. डॉक्टरांनी ते वाचले आणि त्याच पावली हृदयाचा आलेख काढायला पाठवले. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला, उपचार झाले, आणि आई आज मला चहात साखर किती घालावी हे सांगायला घरात आहे. औषध डॉक्टरांचे खरे. पण त्याची वाट एका प्रश्नातून गेली.

असे प्रश्न विचारणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कोणी दगावले की त्या घरी वयस्क, गरीब बाया जात आणि मरणाचे कारण विचारून येत. त्यांच्या माहितीवर शहराच्या मृत्यूंच्या याद्या निघत. जॉन ग्रॉंट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या जुळवून १६६२ साली एक पुस्तक छापले, आणि लोकसंख्येच्या शास्त्राचा पाया घातला. ग्रॉंटचे नाव राहिले. त्या म्हाताऱ्या बायांची नावे कोणी शोधत बसत नाही.

लंडन लांब राहिले. आमच्या जिल्ह्यातली बार्शी इथून सुमारे ७० किलोमीटर. भारतात कर्करोगाची पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. खेड्यांसाठी अशी पहिली नोंदणी सुरू झाली ती १९८७ साली बार्शीत. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो, त्याचा कागद होतो, नोंदणीचा माणूस तो उतरवून घेतो. खेड्यात कागदच नसे. तेव्हा बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी रीत धरली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत आपणच जायचे, पारावर आणि ओट्यावर माणसांशी बोलायचे, कुणाची जखम भरत नाही, कुणाला भलत्या वेळी रक्त जाते, हे विचारायचे आणि त्याला रुग्णालयापर्यंत आणायचे. नोंद करता करता उपचारही सुरू झाला.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र सहभागी होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची नोंद झाली. वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला, आणि २००९ साली निष्कर्ष जगापुढे आले. एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटात एकदाच केली, त्यात या रोगाने ३४ जणी गेल्या. जवळपास तेवढाच दुसरा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडला होता, त्यात ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवले, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ती टीका करता आली, तीही त्या चौसष्ट जणी कुठेतरी लिहिल्या गेल्या होत्या म्हणूनच. ज्यांची नोंद नसते, त्यांच्याविषयी आपण भांडतसुद्धा नाही.

सोलापूरने जगाला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस दिले. १९१० साली इथे जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच रुग्णसेवा करताना वारला. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. त्यांचे इथले घर आज स्मारक आहे. हे योग्यच झाले. आमच्या वर्गातल्या मुलींवर चित्रपट निघायचा नाही. त्या सकाळी घरच्या विड्या वळून होताच डबा घेऊन दवाखान्यात जातील आणि शंभर माणसांना नाव, गाव, वय आणि दुखणे विचारतील. एवढ्यावर त्यांची नोकरी चालेल, आणि कुणाचा तरी जीवही.

दिवाळी आली आहे. लक्ष्मीपूजनाला आमच्या चाटी गल्लीतले व्यापारी नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतील. यंदा आपणही घरात त्या वहीशेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. घरातल्या प्रत्येकाला एक पान द्यावे: जन्मसाल, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू असलेल्या गोळ्या, अंगावर उठणारी औषधे, आई-वडिलांचे आजार. घरातल्या बाईच्या पानावर तिचे सासरचे नाव लिहावे आणि माहेरचेही लिहावे. मग फराळाचे ताट पुढे ठेवून तिला विचारावे, हल्ली तब्येत कशी आहे. ती बहुधा म्हणेल, "काही नाही, जरा कसंतरी होतं." तेव्हा वही मिटू नये. पुढचा प्रश्न विचारावा.