वलांडीवरचा धडा

मी वर्सोव्याजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि मुंबईतही अवेळी पाऊस कोसळला. त्यानंतर दोन दिवस सातवीतला एक कोळ्याचा मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा कारण न विचारताच मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. तो दिवस बालदिनाचा होता!

सायंकाळी मी कोळीवाड्यात त्याच्या घरी गेलो. त्याची आजी वलांडीपाशी बसली होती. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. ऊन व वारा मिळाला, की बोंबील सुकतो. भिजला, की नासतो.

"मास्तर, पोराने दोन दिवस बसून भिजलेले बोंबील निवडले," आजी म्हणाली. "वाचले ते थोडेच. बाकीचे खतात गेले. पावसाळ्याची बेगमी होती ती."

माझी मान खाली गेली. सोमवारी मी सर्व वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली.

मुलांनो, अरबी समुद्र तापत चालला आहे आणि तापलेले पाणी वादळाला बळ देते. २०२० साली 'निसर्ग' आले, २०२१ साली 'तौक्ते'. समुद्राला आवरणे आपल्या हाती नाही; परंतु त्याची चाल ओळखून वागणे आपल्या हाती आहे.

परवा मी पुन्हा कोळीवाड्यात गेलो. आजी आता नाही. तो मुलगा तांडेल झाला आहे. वादळाची सूचना मिळताच तो होडी किनाऱ्याला आणतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मासळीची वाढ व्हावी, म्हणून तो समुद्रात जात नाही. खाडीकाठच्या तिवरांना तो कोणाला हात लावू देत नाही. कारण त्यांची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. त्याच्या वलांडीशेजारी ताडपत्रीची गुंडाळी सदैव तयार असते.

मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हांला वेळ पाळायला शिकवलेत. आता पाऊसच वेळ पाळीत नाही. म्हणून आम्ही वेळेआधी सावध होतो."