झडपेची उपमा कुठवर?

लहान मुलांसाठी विज्ञान लिहिणाऱ्यांचा बराचसा भार उपमेवर असतो. डायोड समजावताना बहुधा एकच उपमा पुढे येते : पंपाच्या पाइपातील झडप. पाणी पुढे जाते, मागे येत नाही; डायोडमधून वीजही तशीच एका दिशेने जाते. ही उपमा जुनी आहे. १९०४ साली जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी बनवलेल्या निर्वात नळीला त्यांनी झडपच म्हटले होते, आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीने ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ म्हणत तीच उपमा घरोघरी रुजवली. प्रश्न एवढाच, की ती मुलांना कुठवर नेते?

आमची आठवीतली भाची नेरूळला राहते. गेल्या दिवाळीच्या सुटीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग आम्ही तिच्यासमोर मांडले : ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि एका टोकाला रुपेरी पट्टा असलेला काळा डायोड. दिवा लागला. डायोड उलटा जोडला, दिवा विझला. झडपेची उपमा तिला तत्काळ पटली. मग तिने विचारले, “पण मामा, झडपेत पडदा असतो ना? मग याच्यात हलतं काय?”

इथे उपमा संपते आणि स्पष्टीकरणाला आरंभ होतो. डायोडमधील सिलिकॉनच्या स्फटिकाच्या एका भागात फॉस्फरसचे, दुसऱ्यात बोरॉनचे अत्यल्प अणू मिसळलेले असतात. पहिल्या भागात मोकळे इलेक्ट्रॉन अधिक. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा अधिक. दोन्ही भाग भेटतात तिथे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरतात आणि मोकळे वाहक न उरलेला, परंतु विद्युतभारित असा एक पातळ थर तयार होतो. तोच अडथळा. बॅटरी सुलट जोडली, की हा थर अरुंद होतो आणि सुमारे ०.७ व्होल्टला प्रवाह सहज वाहू लागतो. उलट जोडली, की थर रुंदावतो.

“म्हणजे दार नाहीच. सीमाच जाड-बारीक होते,” ती म्हणाली. आम्ही दिलेली उपमा सोडून तिने स्वतःचे वाक्य घडवले होते.

पुढे तर झडप दिशाभूलच करते. उलटा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की डायोड उलट दिशेनेही वाहू देतो. झडप असती तर ती बिघडली असे आपण म्हणालो असतो. झेनर डायोडमध्ये मात्र याच गुणाचा उपयोग व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी करतात. नावाचीही गंमत आहे. १९१९ साली विल्यम एकल्स यांनी रूढ केलेल्या ‘डायोड’ या शब्दाच्या ग्रीक मुळात ‘दोन’ आणि ‘वाट’ आहेत; ते नाव दोन अग्रांवरून पडले. मराठीतला ‘एकदिशकारक’ मात्र सरळ काम सांगतो.

ते काम नेरूळच्या मुलीच्या अवतीभवतीच चालते. सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी घरातली वीज मोबाइलच्या चार्जरमध्ये डायोडच एका दिशेला लावतात. हार्बर मार्गावरच्या गाड्या एप्रिल २०१६ पर्यंत १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावत आणि तो उपकेंद्रांतील एकदिशकारकांतून येई. आता तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. त्याचे रूपांतर गाडीतच होते.

उपमा ओळखायला आपण वर्गात शिकवतो. ती कुठे संपते, हे क्वचित विचारतो. भाचीची शाळा इंग्रजी माध्यमाची, पण तिचा प्रश्न मराठीत आला. मुलांना मराठीने केवळ उपमा द्यायच्या आणि कारणे इंग्रजीवर सोपवायची, अशी वाटणी आपण करत राहिलो, तर मराठी गोष्टींची भाषा उरेल, प्रश्नांची नव्हे. वरचे स्पष्टीकरण मराठीत मावले. त्यासाठी उपमेपुढे चार वाक्ये अधिक लिहावी लागली, एवढेच.