निळीच्या कुंडातील वसंत

केल्मस्कॉटच्या परसबागेत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जाळी अंथरलेली असे आणि थ्रश पक्षी त्या जाळीखालून आत शिरून पिकलेली फळे पळवीत. माळ्याला या चोरांच्या माना मुरगळायच्या होत्या. विल्यम मॉरिसने मात्र बागेतील एकाही पाखराला हात लागता कामा नये, अशी ताकीद दिली. ही हकीकत त्याची कन्या मे मॉरिस हिने नोंदवून ठेवली आहे. १८८३च्या मे महिन्यात नोंदविल्या गेलेल्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ या छापील सुती कापडात ते चोर कायमचे येऊन बसले. कापडावर ते समोरासमोर आहेत, जोडीजोडीने आहेत. चोचीत फळ आहे आणि भोवती पाने-फुले अशी दाटली आहेत की पळून जाण्याची घाई कुणालाच दिसत नाही.

या कापडाकडे बागेची आठवण म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु बाग आणि कापड यांच्या नात्याविषयी मॉरिसने जे चिंतन आयुष्यभर केले, ते या सोप्या वाचनाच्या आड येते. बागेतील वसंत कापडावर आणता येतो का, आणि आणता येत असेल तर तो कोणत्या किमतीला, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आणि ‘किंमत’ या शब्दाचे सगळे अर्थ त्या प्रश्नात गुंतलेले होते.

मॉरिसचा जन्म मार्चमधला, २४ मार्च १८३४चा. १८६८ ते १८७० या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द अर्थली पॅरडाइज’ या त्याच्या दीर्घकाव्यात दर महिन्याला दोन याप्रमाणे चोवीस कथा आहेत आणि त्या कथाचक्राचा आरंभ जानेवारीपासून न होता मार्चपासून होतो. चैत्राने वर्ष सुरू करणाऱ्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. मात्र या काव्यातल्या वसंताचे श्रोते कोण, हे विसरता येत नाही. मृत्यू नसलेल्या भूमीच्या शोधात निघालेले, ती न सापडलेले आणि आता म्हातारे झालेले प्रवासी हे त्या कथांचे सांगणारे आणि ऐकणारे आहेत. जे पुन्हा तरुण होणार नाहीत, त्यांच्यासमोर ऋतू मात्र पुन्हा तरुण होतो. निसर्गाची पुनरावृत्ती आणि माणसाची एकदाच घडणारी हयात यांमधील ही विसंगती मॉरिसच्या वसंतजाणिवेच्या मुळाशी आहे. त्याच्या कापडांतील प्रसन्नता तिच्या पोटातून आलेली आहे, म्हणून ती निव्वळ गोडवा ठरत नाही.

बागेविषयीची त्याची मते ‘मेकिंग द बेस्ट ऑफ इट’ या व्याख्यानात स्पष्टपणे आली आहेत. बाग लहान असो वा मोठी, ती नेटकी आणि भरलेली असावी. तिला कुंपण असावे. तिने रानाची नक्कल करू नये. घराशेजारी सोडून अन्यत्र जी दिसणारच नाही अशी ती असावी, असे त्याचे म्हणणे. दुपेडी, फुगवलेल्या फुलांवर त्याचा रोष होता. पण सर्वांत मोठा रोष होता तो त्या काळी इंग्लंडात बोकाळलेल्या एका पद्धतीवर. एकाच उंचीची, भडक रंगांची रोपे हजारोंनी लावून जमिनीवर गालिच्यासारखी नक्षी काढायची, अशी ती पद्धत होती. तिच्या नुसत्या विचारानेही आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आहेत.

हा विरोधाभास लक्षणीय आहे. ज्याने बागेतली वेल गालिच्यावर नेली, त्यालाच बागेत गालिचा नको होता. याला लहर म्हणून सोडून देता येणार नाही. त्यामागे माध्यमाविषयीची निश्चित भूमिका आहे. बागेत रोप हे घटक म्हणून वापरले की त्याचे उगवणे, वाढणे, झुकणे आणि वाळणे हे सगळे दोष ठरतात. माळी ते कात्रीने छाटत राहतो आणि बाग काळाबाहेर काढली जाते. म्हणजे काळ हेच ज्या माध्यमाचे द्रव्य आहे, त्यातून काळच वजा होतो. उलट कापडाला स्वतःचा असा ऋतू नसतो. त्यात वाढीचा भास निर्माण करावा लागतो, आणि तो करण्यासाठी कारागिराला बागेकडून फुलांच्या आकारांहून अधिक काही शिकावे लागते.

काय शिकावे लागते, याचे विवेचन १८८१च्या ‘सम हिंट्स ऑन पॅटर्न डिझायनिंग’ या व्याख्यानात सापडते. अलंकरणाने स्वतःपलीकडच्या कशाची तरी आठवण करून दिली पाहिजे, अन्यथा ते व्यर्थ, अशी त्याची धारणा होती. पण आठवण करून देणे म्हणजे हुबेहूब चित्र काढणे नव्हे. थोर चित्रे चारही भिंतींवर असतील, तर दमलेल्या माणसाला त्यांच्याकडे पाठ फिरवावी लागेल. ज्याच्या सोबतीने रोज राहायचे, ते अधिक शांत असले पाहिजे. म्हणून आकृतिबंधात सुव्यवस्था हवी आणि थोडे गूढही हवे, म्हणजे पुनरावृत्तीचा सांधा डोळ्यांना पहिल्याच नजरेत सापडणार नाही. प्रत्येक रेषेची वाढ तिच्या मुळापर्यंत मागे नेता आली पाहिजे. रेषा जिथे संपते, तिथेही तिच्यात आणखी वाढण्याची ताकद शिल्लक आहे असे वाटले पाहिजे. या विवेचनात फुलापेक्षा फांदीला अधिक महत्त्व आहे. बागेतून कापडावर यायचे ते फुलण्याचे व्याकरण. वाङ्मयीन समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे, तर मॉरिसला अनुकृतीपेक्षा रचनेचे तत्त्व हवे होते. फक्त त्याने ते तत्त्व संकल्पनेच्या पातळीवर न ठेवता हातांनी पडताळून पाहिले.

ही पडताळणी रंगाच्या कुंडापाशी झाली. १८७५-७६ या काळात तो वारंवार स्टॅफर्डशायरमधील लीक या गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन राहिला. बाजारात आलेले नवे कृत्रिम रंग त्याला उग्र आणि उथळ वाटत. जुने वनस्पतिज रंग पुन्हा हाताळायचे, तर ते स्वतः शिकले पाहिजेत, म्हणून चाळिशी ओलांडलेला हा नामवंत कवी उमेदवारासारखा राबला. त्याचे हात निळे होऊन गेले. एकदा केल्मस्कॉटला मासेमारीसाठी गेला असता मध्येच त्याने पॉप्लरच्या मूठभर डहाळ्या तोडल्या, उकळल्या, त्यात लोकरीचा झुपका बुडविला आणि चांगला पिवळा रंग मिळाल्याचे वॉर्डलला कळविले. याच काळात, १८७६च्या उन्हाळ्यात, त्याची थोरली मुलगी जेनी हिला अपस्माराचा विकार जडला आणि तो पुढे सुटला नाही. त्याच्या अंगमेहनतीचा या दुःखाशी संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा; पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडत होत्या, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

निळीच्या कुंडातून कापड वर काढले की ते प्रथम निळे नसते. ते पिवळसर हिरवे असते. हवेचा स्पर्श होताच पाहता पाहता निळे होते. ज्या रंगात पालवी फुटते, त्या रंगाचा एक क्षण प्रत्येक निळ्या कापडाच्या जन्मात असतो आणि तो फक्त रंगाऱ्यालाच दिसतो. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ची पद्धत याहूनही विलक्षण आहे. आधी सगळे कापड गडद निळे रंगवायचे. मग रंग काढून टाकणारे द्रव्य ठशांनी छापून हव्या त्या जागी निळा फिका करायचा किंवा पार धुऊन पांढरे करायचे. त्या मोकळ्या झालेल्या जागी पुढे अलिझरिनचा लाल आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा चढवायचा. दर टप्प्याला धुणे आणि वाळविणे आलेच. या सगळ्याला दिवसच्या दिवस लागत. येथे फुले कापडावर चढविलेली नाहीत, ती अंधारातून मोकळी केलेली आहेत. १८८१ साली मॉरिसने लंडनजवळ वॉन्डल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना घेतला, त्यामागे नदीच्या पाण्याचा रंगकामासाठी असलेला गुणही होता. भोवती झाडे होती, कुरण होते, आणि धुतलेली कापडे त्या गवतावर उन्हात पसरली जात.

हे चित्र येथेच थांबविले तर ते सुंदर राहील, पण अपुरे राहील. नीळ इंग्लंडच्या बागेत उगवत नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपात येणाऱ्या निळीचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जात असे. ज्या १८५९-६० साली मॉरिस आपले पहिले घर ‘रेड हाउस’ आणि त्याची बाग उभारीत होता, त्याच काळात बंगालमधील शेतकरी नीळ पेरण्यास नकार देऊन मळेवाल्यांविरुद्ध उठले होते. दीनबंधु मित्रांचे ‘नीलदर्पण’ १८६०चे. पुढे हा संघर्ष बिहारमधील चंपारणात १९१७पर्यंत पोहोचला. मॉरिस हिंदुस्थानी कारागिरीचा चाहता होता, आणि १८७९च्या ‘द आर्ट ऑफ द पीपल’ या व्याख्यानात ब्रिटिश सत्ता व व्यापार यांच्यामुळे येथील कला नष्ट होत असल्याची खंत त्याने परखडपणे व्यक्त केली होती. विणकराचे दुःख त्याला दिसले. परंतु रंगाईवरील त्याच्या लेखनात नीळ येते ती रंग म्हणून, प्रक्रिया म्हणून. जमिनीत ती पेरणारा हात तिच्या मागे उभा राहत नाही. प्रत्येक रेषा मुळापर्यंत मागे नेता आली पाहिजे, हा त्याचाच निकष येथे लावला, तर ही एक रेषा मध्येच तुटते.

मात्र स्वतःच्या देशापुरती ती रेषा तुटू नये, यासाठी त्याने जे केले ते थोडे नव्हे. जानेवारी १८८३मध्ये तो डेमोक्रॅटिक फेडरेशनचा सभासद झाला आणि उरलेले आयुष्य समाजवादी चळवळीला वाहिले. स्ट्रॉबेरीचोरांचे कापड त्याच वर्षीचे. श्रम आनंदाचा झाल्याखेरीज कला जगणार नाही, असे सांगणाऱ्या या माणसाचे, अशा संथ श्रमाने घडलेले कापड इतके महाग पडे की ते श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत जाई. आणि आपण श्रीमंतांच्या चैनीची सेवा करीत आहोत, ही बोच त्याने लपविली नाही. स्वस्त करावे तर कारागिराचा वेळ कापावा लागतो. वेळ द्यावा तर कापड सामान्यांच्या हातून निसटते. हा पेच त्याला सोडविता आला नाही. १८९०च्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मध्ये त्याने एक असा समाज कल्पिला, जिथे हा पेचच उरलेला नाही, आणि त्या कल्पनेची अखेर त्याने केल्मस्कॉटच्या घरापाशीच केली.

मॉरिस १८९६च्या ऑक्टोबरात वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत कारखान्यात तयार झालेली नीळ बाजारात आली. त्याची कंपनी १९४०मध्ये बंद झाली. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ आज कपांवर, पिशव्यांवर, वहीच्या पुठ्ठ्यांवर यंत्राने छापले जाते, अल्प किमतीत कुणालाही मिळते. म्हणजे एका अर्थी ते सर्वांचे झाले. ज्या श्रमासाठी ते घडविले गेले, तो श्रम मात्र त्यात राहिला नाही. थ्रश अजून तसेच समोरासमोर बसलेले आहेत, चोचीत फळ धरून. माळ्याचा राग त्यांनी केव्हाच चुकविला आहे. मॉरिसचा प्रश्न मात्र त्यांच्या भोवतीच्या त्या गर्द निळ्यात अजून तसाच आहे.