पाण्यात विरघळणारा कोळसा

आमच्या बेळगावच्या घरात कोळसा म्हटलं की बंब आठवतो. त्यामुळे मी पैसे मोजून कोळशाच्या पेन्सिली आणल्या, त्याही पाण्यात विरघळणाऱ्या, याचं सासूबाईंना भारी नवल. एक पेन्सिल उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ह्यात काय असतंय ग?"

आपल्या घरांत हा प्रश्न बिस्किटाला लागतो, टूथपेस्टला लागतो, मग रंगाला का लागू नये? खरं तर चित्रकलेत तो फारच लागतो. 'आयव्हरी ब्लॅक' म्हणून मिळणारा काळा रंग बहुधा हाडं जाळून केलेला असतो. जलरंगाच्या काही भारी कागदांना जिलेटिनची खळ दिलेली असते. मऊ कुंचले खारीच्या नाहीतर सेबलच्या केसांचे. चित्रकाराचा कोळसा मात्र लाकडाचा. विलोची किंवा द्राक्षवेलीची काटकी हवा लागू न देता भाजली की काळी होते, तिची राख होत नाही. हा साधा कोळसा पाण्याने पसरतो, पण वाळल्यावर पुन्हा हाताला लागतो. पाण्यासाठीच्या कोळशात भुकटी धरून ठेवायला पाण्यात मिसळणारं काहीतरी घालावं लागतं. जलरंगात असतो तो बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक त्याला चालतो. मी घेतलेल्यात काय आहे ते विचारून घेतलं होतं. कुंचला नायलॉनचा, कागद कापसाचा, 300 जीएसएमचा, जिलेटिन नसलेला.

"लाकूड आणि डिंक, आई."

"मग काढ की."

"तुम्हालाच काढू?"

मामंजी गेल्यापासून त्यांनी फोटो काढू दिलेला नाही. कारण त्यांनी एकदाच सांगितलं होतं. आमच्याकडे बायकांचा शेवटचा फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापून काढतात, मोठा करतात आणि हार घालतात. "त्यासाठी कशाला बसू मी?" यावर आम्ही कुणीच काही बोललो नव्हतो.

त्या दिवशी मात्र बसल्या. एकच अट घातली, "ह्याला हार घालायचा न्हाई."

श्रावणातला पाऊस होता. अशा हवेत कागद लवकर वाळत नाही, ते मला बरंच पडलं. दोन वाट्या गाळलेलं पाणी त्यांनीच आणून ठेवलं. आधी कोरड्या पेन्सिलीने चेहरा हलकाच मांडला. मग ओला कुंचला उजेडाकडून सावलीकडे नेला. उलटा नेला तर काळं सगळं गालावर येतं. दर वेळी कुंचला एका वाटीत धुवायचा आणि दुसरीतलं स्वच्छ पाणी घ्यायचं. कोरडा कोळसा चुरगळत्या रबराने उचलता येतो, पण पाणी लागून वाळला की कागद सोडत नाही. म्हणून घाई करायची नाही. डोळ्यांची बुबुळं सगळ्यात शेवटी, पेन्सिलीचं टोक पाण्यात बुडवून. तेवढा गडद काळा दुसरीकडे कुठे वापरलाच नाही.

त्या उठून जवळ आल्या. कपाळाकडे बघत राहिल्या. मग पदरावर बोट ठेवून म्हणाल्या, "पांढरं कुठलं लावलंस?"

"लावलं नाही. कागद तसाच ठेवलाय."

"आणि सुरकुत्या?"

"त्या आहेत तितक्याच काढल्या."

"एक जास्त हाय," म्हणाल्या आणि हसल्या.

चित्र स्वयंपाकघरात, खिडकीजवळ लावलं आहे. हार नाही. भाजी निवडताना त्या अधूनमधून वर बघतात. आल्यागेल्याला सांगतात, "सुनेनं काढलंय, मी जित्ती असताना."

चातुर्मास संपला की निपाणीला जायचं ठरलंय. तिथे त्यांची धाकटी बहीण असते. तिचाही एकटीचा फोटो नाही. परवा पिशवी भरायची यादी करताना सासूबाई म्हणाल्या, "पेन्सिल तेवढी घे. पाणी तिथं गाळून मिळंल."