भीमनगर मोहल्ल्यात यम दुसऱ्यांदा येतो तेव्हा

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. नाटक नवे होते, 2012 साली रंगभूमीवर आलेले, आणि कॉम्रेड गोविंद पानसरे हयात होते. शहरातल्या नाट्यगृहात पोट धरून हसलो आणि हॉस्टेलवर परतताना गाणी म्हणत आलो. दुसऱ्यांदा पाहिले ते तालुक्याच्या गावी, दौऱ्यावरच्या प्रयोगात, वस्तीतली चाळीसेक पोरेपोरी सोबत घेऊन. मधल्या काळात 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. 1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगाव घडले. त्यामुळे विनोद तेच असले तरी हसू आले की मागून काहीतरी टोचत होते.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यम शिवाजीराजांना न्यायला येतो. राजे म्हणतात, येतो, पण माझे विचारही सोबत न्यावे लागतील. तिथेच यमाची पंचाईत होते, राजे अंडरग्राउंड होतात आणि यम त्यांना शोधत भीमनगर मोहल्ल्यात येऊन पोहोचतो. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. कलाकार बहुतेक जालना जिल्ह्यातले, शेतकरी घरातले. वीजचोरीवर 'आकडा' लिहिणाऱ्या तांगडेंची भाषाही तिथलीच, मराठवाड्याच्या मातीतली. पुण्या-मुंबईचे नट ही भाषा बोलतात तेव्हा ती विनोदासाठी उसनी आणलेली वाटते. इथे तीच बोलीभाषा इतिहासावर वाद घालते.

आणि हा वाद गाण्यातून होतो. संगीत नाटक म्हटले की आपल्याकडे लोकांना बालगंधर्व आणि शालू आठवतो. पण सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा हेही संगीत रंगभूमीच होते, फक्त त्यांना नाट्यगृह मिळाले नाही. या नाटकाचा कळसाध्याय म्हणजे दोन शाहिरांचा सवाल-जवाब. एकाचा शिवाजी मुसलमानांचा वैरी, दुसऱ्याचा रयतेचा राजा. सवाल-जवाबाचा कायदा कडक असतो. समोरच्याने सवाल टाकला की त्याच चालीत, त्याच ठेक्यात उत्तर द्यायचे. घोषणा देऊन सुटका नाही आणि गप्प बसला तो हरला, तेही भर सभेत. आरमारात दौलतखान होता, तोफखान्यावर इब्राहिमखान होता, चिटणिशीत काझी हैदर होता, हे आम्ही शिबिरांत कितीदा तरी सांगितले असेल. पोरे माना डोलावतात आणि चहाला उठतात. ढोलकीच्या थापेवर तोच मुद्दा आला की समोरचा त्याला उत्तर काय देतो हे ऐकायला तीच पोरे खुर्चीच्या टोकावर येतात. आम्ही हे दोन्ही प्रयोगांत पाहिले.

निघताना टेम्पोत एका पोराने विचारले होते, "दादा, शिवाजीचं नाटक आपण कशाला बघायचं? आपले बाबासाहेब आहेत ना." हा प्रश्न हल्ली वस्तीत वारंवार येतो आणि तो उगाच येत नाही. ज्यांच्या गाडीवर राजांचे चित्र असते त्यातल्याच काहींनी आपल्या पोरांना रिंगटोनवरून, चपलेवरून, मिशीवरून दम दिलेला असतो. मग त्या पोराला राजे परके वाटले तर दोष त्याला कसा द्यायचा? पण 1869 मध्ये जोतिरावांनी राजांवर पवाडा लिहिला तो कुणाच्या परवानगीने? 1927 साली बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी स्वीकारले, तेही महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षी. 1674 च्या राज्याभिषेकाला इथल्या ब्राह्मणांनी हरकत घेतली आणि काशीहून गागाभट्ट आणावे लागले. ज्या राजाला स्वतःच्या क्षत्रियत्वाचा दाखला मागितला गेला, त्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. वढू बुद्रुकला डिसेंबर 2017 च्या अखेरीस गोविंद गोपाळांच्या समाधीवरून जे झाले ते याच मालकीहक्काचे भांडण होते. इतिहासात आपला माणूस कुठे उभा होता हे दाखवणारा फलकसुद्धा सहन होत नाही, ही आजची अवस्था आहे. यम भीमनगरातच का येतो, हे आम्हाला पहिल्या वेळी गमतीचे वाटले होते. या वेळी पोराचा प्रश्न डोक्यात होता म्हणून ते सरळ उत्तर वाटले.

प्रयोगानंतर चर्चा झाली. बारावीतल्या एका पोरीने विचारले, "दोन्ही शाहीर पुरुषच का?" आम्ही कडूबाई खरात आणि शीतल साठे यांची नावे घेतली, तर ती म्हणाली, "ते माहितीये, पण या स्टेजवर का नाहीत?" यावर नाटकाच्या बाजूने बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. प्रश्न तसाच राहू दिला.

आमची खरी अडचण प्रेक्षकांची आहे. हॉल निम्मा भरला आणि त्यातले तीन चतुर्थांश आपलेच. हे नाटक ज्याला सर्वात जास्त लागू आहे तो मराठा समाजातला तरुण शहरातल्या प्रयोगाला भरपूर होता. तालुक्याला मोजके आले आणि दाराशी उभे राहिले. नाटकाच्या नावातल्या 'भीमनगर' या शब्दाने बाकीच्यांची पावले अडवली असावीत असे आम्हाला वाटते. त्या उभ्या राहिलेल्यांपैकी एकाने मात्र शेवटी येऊन विचारले, "दौलतखान खरंच होता का हो?" आम्ही पिशवीतले पानसरेंचे 'शिवाजी कोण होता?' त्याला दिले. त्याने दाराकडे एकदा पाहिले आणि पुस्तक शर्टाच्या आत सरकवले.

म्हणून पुढचा प्रयोग वस्तीच्या जवळचा हॉल घेऊन करू नये असे आमचे मत आहे. तो बाजारतळावर, उघड्या मैदानात, बिनतिकीट झाला पाहिजे. खर्च मोठा आहे: मंडळींचा प्रवास, जेवण, ध्वनी-प्रकाश आणि कलाकारांचे मानधन. मानधनात घासाघीस करायची नाही, ती माणसे शेतातली कामे सोडून येतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जे उडते त्यातून हे भागते, आणि ते कंत्राट द्यायच्या आतच ठरवावे लागेल. येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. विहारात, संध्याकाळी सहाला. दौलतखानाबद्दल विचारणाऱ्या त्या तरुणालाही आम्ही बोलावले आहे.