गार्डची कड

काळ्या कातळावर सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला जपणारा बॅश गार्ड आपटला की घसरून पुढे जातो. जांभ्यावर तो अडतो. गार्ड बनवायच्या माझ्या कामातली सगळी झटापट या एका फरकात आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या बेसॉल्टवर चालवलेल्या सायकलच्या गार्डवर लांब, उथळ ओरखडे दिसतात. रत्नागिरीच्या सड्यावरून आलेल्या गार्डवर ओरखडे कमी आणि खाचा जास्त. जांभ्यात बोट जाईल एवढी भोकं असतात आणि ५ मिलिमीटर जाडीची कड त्यात नेमकी उतरते. चिरेखाणीची पायरी घ्या, ढासळलेला गडगा घ्या, पाखाडीची झिजलेली पायरी घ्या, दगड तोच. पावसात पऱ्यावर आडवा पडलेला माडाचा ओंडका त्यामानाने सोपा. तो ओला असतो, गार्डला जाऊ देतो.

गार्ड अडला की फटका कुठे जातो, यावर मी बाकी कशाहूनही जास्त डोकं घातलं आहे. सायकल पुढे जात असते, दगड गार्डचा तळ मागे ओढतो. म्हणजे दगडच क्रँक पेडल मारल्याच्या दिशेने फिरवायला बघतो. चेन ताणली जाते आणि तो झटका मागच्या हबच्या आतल्या खटक्यांपर्यंत पोचतो. दाते शाबूत राहतात, खटके तुटतात. गिऱ्हाईक गार्ड बघून खूश होतं आणि महिन्याने हबची तक्रार घेऊन येतं. म्हणून गार्ड किती मजबूत आहे या चौकशीला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. तो दगडावरून किती लवकर सुटतो, ते सांगा.

सुटायचं तर कड रुंद हवी. भोकात उतरणार नाही इतकी रुंद, आणि दोन्ही अंगांनी गोल. पण रुंदीला जागा कुठे आहे? आतल्या अंगाला चेन आणि डिरेलरचा पिंजरा, बाहेरच्या अंगाला क्रँकचा हात. ४४ दात्यांचं बाहेरचं चाक काढून तिथे १५० मिलिमीटर व्यासाचा गार्ड बसवला, तर तळाशी १५-१६ मिलिमीटर मोकळे होतात आणि ३२ दात्यांच्या चाकावरची चेन गार्डच्या आत झाकली जाते. इथपर्यंत सगळं सरळ. पण जाडी ५-६ मिलिमीटरच्या पुढे नेली की क्रँकचा हात घासतो.

यावर तोड अशी, की गार्ड क्रँकबरोबरच फिरतो, त्यामुळे हात नेहमी गार्डच्या एकाच जागेसमोर असतो. मी १० मिलिमीटरची प्लेट घेऊ लागलो. बोल्टच्या भागात ती लेथवर ४ मिलिमीटरपर्यंत उतरवायची, कड जाड ठेवायची आणि हाताखाली तेवढी खाच घ्यायची. कड भोकात उतरायची थांबली. मी आनंदात होतो. मग झिजेचा प्रश्न पुढे आला.

दगड आला की कोणीही पेडल आडवी, समपातळीत धरतो, आणि प्रत्येकाचा पुढे ठेवायचा पाय ठरलेला असतो. त्यामुळे फटका गार्डवर सगळीकडे विखरून बसत नाही. तो क्रँकच्या हातापासून साधारण काटकोनात, तळाशी आणि थोडा पुढे, एकाच कमानीवर बसतो. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याची कमान एका बाजूला झिजते, डावा ठेवणाऱ्याची दुसऱ्या बाजूला. गार्ड हातात घेतला की माणूस न बघता त्याचा पुढचा पाय मी सांगतो. हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघायला मला आवडतं, आणि पोरं चार मित्रांना घेऊन येतात तेव्हा मी ते मुद्दाम सांगतो.

सपाट गार्डची एक कमान झिजली की तो चार बोल्टांवर पाव फेरा फिरवून बसवायचा, नवी कड तळाला येते. पण हाताखाली खाच घेतलेला गार्ड फिरवता येत नाही, कारण खाच हाताखालून सरकते. चार बोल्टांना चार खाचा घेतल्या तर? बोल्ट नव्वद अंशांवर आणि फटकाही हातापासून त्याच नव्वदच्या आसपास. म्हणजे दुसरी खाच, जिथे कड सगळ्यात पातळ, ती बरोबर दगडासमोर येते. या नव्वद अंशांनी मला किती रात्री जागवलं आहे. जेवताना ताटाच्या कडेवर मी बोटाने अंश मोजत बसे आणि घरातली माणसं मला एकट्याला सोडून उठून जात.

धातू बदलून काही होतं का, तेही करून बघितलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला जे जाड पांढरं प्लास्टिक वापरतात, त्याचे गार्ड बेसॉल्टवर आणि लाकडावर उत्तम सरकतात. जांभा त्यांना खवणीवरच्या नारळासारखा खवून काढतो. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, वाकून परत सरळ होतं, पण चेन धुवायला लोक हाताला येईल ते द्रावण वापरतात आणि त्याने बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे जातात. अ‍ॅक्रिलिकचं नावही काढू नये, पहिल्याच फटक्यात त्याचे तुकडे होतात. फिरून मी ६०६१ अ‍ॅल्युमिनियमवर येतो. ते मऊ आहे. जांभ्यातल्या लोहाच्या खड्यांपुढे तर फारच मऊ. तरी ते कापलं जातं, तुटत नाही, आणि खाच पडली तर कानशीने पुन्हा गोल करता येते.

या धातूचं आणि दगडाचं मूळ नातं आहे. बेसॉल्टवर युगानुयुगं पाऊस पडून सिलिका वाहून गेली आणि मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं, त्याचा जांभा झाला. जिथे अ‍ॅल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली-मंडणगडकडे. रत्नागिरीत अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना व्हायचा म्हणून जमिनी घेतल्या गेल्या, बाल्को कंपनीचं नाव आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी होतं, कारखाना आला नाही. प्लेट मला बाहेरून मागवावी लागते. चिरा पायाखाली आणि त्याच्या पोटातला धातू ट्रकने येतो, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

आता कडेबद्दल. जाडी, व्यास, खाच हे सगळं व्हर्निअर सांगतो. कड व्हर्निअर सांगत नाही. लेथवरून उतरलेल्या गोल कडेवर टूलच्या बारीक रेघा असतात. बोल्टच्या भोकाशी आणि खाचेच्या तोंडाशी बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहते. जांभा तिथेच धरतो. कानस, मग पॉलिश पेपर, मग अंगठा. कडेवरून अंगठा सावकाश एक फेरा फिरवायचा. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या जागी अंगठा अडतो, तिथे पुन्हा कानस. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि माझा अंगठा चुकत नाही असं मी मानत होतो. तसं मानायला आधारही होता. माझ्या कडेचे गार्ड एकाच खाणीतून, एकाच मोसमात, दुसऱ्यांच्या गार्डपेक्षा कमी खाचा घेऊन परत येत.

त्या अंगठ्याची जाण गेली. मनगटातली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर ग्राइंडर धरणाऱ्यांना होतं. अंगठा हलतो, पकडतो, पेन धरतो. फक्त कडेवर फिरवला की सगळी कड सारखी लागते. सुरुवातीला मला वाटलं, माझं काम एकदम सुधारलं. गार्डवर गार्ड निर्दोष निघू लागले.

आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून एक मुलगी माझ्याकडे कामाला लागली होती. ती कमी बोलते. मी ठीक म्हणून बाजूला ठेवलेला गार्ड तिने उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, “काका, इथे अजून लागतंय.” मी म्हटलं, “कुठे गो बाय, काही नाही तिथे.” तिने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. मला काहीच लागलं नाही. मग तिने तिथून एक सुती चिंधी ओढली आणि चिंधीचा धागा अडकला. पुढे वाद घालायला काही उरलं नाही.

तेव्हापासून कड ती बघते. माझी कड सगळीकडे सारखी गोल असायची. ती बाहेरचं अंग जास्त उतरतं ठेवते, कारण वळणावर सायकल कलते आणि दगड त्या अंगाने येतो. मला ते पटायला वेळ लागला, आजही पूर्ण पटलेलं नाही. सरळ पायरीवर माझी कड बरी, असं माझं मत आहे. ती म्हणते, सरळ पायरी सगळेच सांभाळून घेतात, पडतात ते कललेल्या सायकलवर. नव्वद अंशांची गाठही तिनेच सोडवली. चार खाचा कशाला, समोरासमोर दोनच घेऊ. एक हाताखाली, दुसरी बरोबर विरुद्ध. पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा फिरवायचा. हात पुन्हा खाचेवर येतो आणि तळाला जाड, न झिजलेली कमान येते. चार नव्या कमानी नाहीत, दोनच मिळतात, पण दोन्ही पूर्ण जाडीच्या. तिने हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी चांगलं आहे म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ती पंचविशीच्या आतली आहे. मला आनंद झाला होता आणि मत्सरही वाटला होता, दोन्ही एकदम.

ऑनलाइन मिळणाऱ्या गार्डबद्दल मला राग आहे. लेझरने कापलेली सपाट प्लेट, वर सुंदर रंग, आत कंपनीचं नाव कोरलेलं आणि कड चौकोनी. चौकोनी कड म्हणजे जांभ्यासाठी केलेली छिन्नी. बनवणाऱ्याने गार्ड दगडावर नेलाच नाही हे हातात घेताच कळतं. आणि वजनाचं वेड. साठ-सत्तर ग्रॅम वाचवायला गार्ड काढून टाकणारे स्वार पाठीवर दोन लिटर पाणी वाहतात.

२०१२ मध्ये स्रॅमने पुढे एकच चाक आणि आळीपाळीने रुंद-अरुंद दात्यांची चेनव्हील आणली. चेन पडायची थांबली, पुढचा डिरेलर गेला, आणि त्याबरोबर गार्डची जागाही गेली. नव्या क्रँकवर चाक थेट क्रँकच्या हातावर बसतं. गार्ड अडकवायला चार बोल्टांची जागाच नाही. फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटभोवती, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तिथे, आयएससीजी मानकाची तीन भोकं असतील तर खाली अर्धगोल ढाल बसवता येते. ती व्यवस्था मला मनापासून मान्य आहे, कारण फटका क्रँकवर न येता फ्रेमवर जातो आणि चेन ताणली जात नाही. पण इथे येणाऱ्या बहुतेक सायकलींच्या फ्रेमला ती भोकं नसतात. ३२ दात्यांचं चाक उंच राहतं, गार्ड लागत नाही, असं दुकानदार सांगतात. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून ३०० ते ३४० मिलिमीटरवर, त्यातून चाकाचे ६५-७० वजा करा आणि मग ढासळलेल्या गडग्यासमोर उभे राहा. स्वस्त सायकलींना तर रिव्हेट मारलेला तिपेडी क्रँक असतो, त्यातून काहीच सुटत नाही. तिथे मी बाहेरच्या पोलादी चाकाचे दाते ग्राइंडरने उतरवतो आणि त्याचाच गार्ड करतो. शाळकरी पोरांच्या सायकलींसाठी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.

एका बाबतीत मात्र मी गार्ड द्यायलाच नकार देतो. उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याच्या किती तरी आधीपासून ती उघड्या जांभ्यात पावसात पडून आहेत. गार्ड सायकल वाचवतो, दगड वाचवत नाही. माझ्या गार्डचा ओरखडा कोणा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कोरलेल्या माशावर पडावा, हे मला सहन होणार नाही. त्या सड्यांवर सायकल घालणार म्हणणाऱ्याला मी दारातून परत पाठवतो. सड्यावर जागा कमी नाही.

गार्डच्या आतल्या बाजूला माझं अक्षर ठोकलेलं असतं. परवा दापोलीकडून एकजण आला, कडेवर अंगठा फिरवत म्हणाला, “काका, हात अजून तसाच आहे हो तुमचा.” मुलगी शेजारीच लेथवर होती. मला ते ऐकायला फार आवडलं. ती कड तिची आहे. तिचं अक्षरही तिथे ठोकायला मी पंच करून आणला आहे, पुढच्या गार्डपासून दोन्ही अक्षरं असतील, आणि हे छापून येईल तेव्हा दापोलीकरांनाही कळेल.

एक काम मात्र मी तिला दिलेलं नाही. जुन्या पाच बोल्टांच्या क्रँकला अर्धा फेरा बसत नाही, तिथे प्रत्येक बोल्ट ७२ अंशांवर. दुसरी खाच शेजारच्या बोल्टाला घेतली तर ती नव्वदच्या रेषेपासून फक्त १८ अंशांवर येते, म्हणजे पुन्हा दगडाच्या तोंडी. एक बोल्ट सोडून घेतली तर ५४ अंश मिळतात. ५४ पुरतील असं कागद सांगतो, पण खात्री प्लेट कापून आणि खाणीत नेऊनच होईल. प्लेट मागवली आहे. तिला विचारलं तर ती संध्याकाळपर्यंत उत्तर देईल, म्हणूनच विचारत नाही. हे एक मला स्वतःला सोडवायचं आहे.